थॅडियस स्टीव्हन्स आणि तीन पंचमांशाचं गणित

४ डिसेंबर १८६५. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेचं नवं अधिवेशन सुरू झालं. यादवी युद्ध थांबून आठ महिनेही झाले नव्हते. प्रतिनिधिगृहाचे सचिव एडवर्ड मॅकफर्सन राज्यवार हजेरी घेत होते. टेनेसी राज्याची पाळी आली, तेव्हा त्यांनी ते नाव घेतलंच नाही. तिथले निवडून आलेले होरेस मेनार्ड उठून बोलू लागले. हजेरी चालू असताना मध्ये बोलता येणार नाही, असं सांगून त्यांना गप्प केलं गेलं. मेनार्ड तर युद्धभर केंद्र सरकारच्या बाजूनं उभे राहिलेले गृहस्थ होते. त्यांचीच ही गत, तर बंडात उघड उतरलेल्या राज्यांच्या प्रतिनिधींना कोण विचारतो? बंडात गेलेल्या अकरा राज्यांपैकी एकाचंही नाव त्या दिवशी पुकारलं गेलं नाही.

नव्या सभागृहाला अजून सभापती नसतो. त्यामुळे हजेरीपटावर ज्याचं नाव तोच सदस्य, आणि सभापती निवडायला मत देणारही तोच. नावं गाळायची हे आधीच ठरलं होतं. ठरवण्यात पुढाकार होता पेनसिल्व्हेनियातून निवडून आलेल्या, लंगडत चालणाऱ्या, तोंडानं तिखट अशा ७३ वर्षांच्या वकिलाचा. त्यांचं नाव थॅडियस स्टीव्हन्स.

लढाई जिंकलेल्या पक्षाला हरलेल्यांची एवढी धास्ती का वाटावी, हे समजलं की स्टीव्हन्स यांची शेवटची तीन वर्षं समजतात. त्यासाठी एक गणित आधी नीट पाहू.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली. प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरणार होत्या. दक्षिणेकडच्या राज्यांचं म्हणणं, आमचे गुलामही लोकसंख्येत धरा. उत्तरेचं म्हणणं, तुम्ही त्यांना मालमत्ता समजता, मग माणसं म्हणून कसं मोजायचं? शेवटी तडजोड झाली की पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. गुलामाला स्वतःला एकही हक्क नाही, पण त्याच्या डोक्यामागे मालकाच्या राज्याला तीन पंचमांश वजन मिळालं. त्या वजनावर दक्षिणेनं सत्तर-पंचाहत्तर वर्षं संसदेत जास्तीच्या जागा भोगल्या.

आता १८६५ मध्ये या. तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी संपली. म्हणजे तीन पंचमांशाचा हिशेबही संपला, प्रत्येक कृष्णवर्णीय माणूस आता पुरता एक. १८६० च्या जनगणनेत देशात सुमारे साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते. त्यांतले आजवर न मोजलेले दोन पंचमांश, म्हणजे जवळपास सोळा लाख डोकी, मोजणीत येणार होती. तेव्हा एका जागेमागे सव्वा लाखाच्या आसपास लोकसंख्या धरली जाई. भागाकार करून पाहा, बाराएक जागा वाढतात. मतदानाचा हक्क मात्र दक्षिणेतलं एकही राज्य या लोकांना द्यायला तयार नव्हतं. गुलामगिरी टिकवण्यासाठी ज्यांनी युद्ध पेटवलं, त्यांनाच गुलामगिरी संपल्याचं बक्षीस म्हणून संसदेत जास्त ताकद मिळणार होती.

हे स्टीव्हन्स यांना होऊ द्यायचं नव्हतं.

स्टीव्हन्स यांचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हर्मॉंटमधल्या डॅनव्हिलचा. पाय जन्मापासून वाकडा. वडील घर टाकून गेले. चार मुलगे आणि दगडाळ जमीन आई सेरा यांच्या गळ्यात पडली. लंगड्या मुलाला शेतीची कामं झेपणार नाहीत, तर तो शिकलाच पाहिजे, हे या बाईंनी मनाशी पक्कं केलं आणि चांगल्या शाळेपायी बिऱ्हाड पीचम गावी हलवलं. पुढे मुलगा डार्टमथ कॉलेजातून १८१४ साली पदवीधर झाला, पेनसिल्व्हेनियात जाऊन वकील झाला, हाती पैसा आल्यावर त्यानं आईला गाईगुरांसकट शेत घेऊन दिलं. त्यांच्या मृत्युपत्रात पीचमच्या दफनभूमीसाठी पैसे ठेवलेले आहेत. दर वसंतात आईच्या कबरीच्या चारही कोपऱ्यांवर गुलाब आणि इतर प्रसन्न फुलं लावावीत म्हणून. एरवी सभागृहात समोरच्याला सोलून काढणारा हा माणूस.

१८१६ मध्ये त्यांनी गेटिसबर्ग गावात वकिली सुरू केली. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती लपवून स्टीव्हन्स यांच्याबद्दल खरं काही सांगता येणार नाही. पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा होता की बाहेरच्या राज्यातल्या मालकानं गुलामाला सहा महिने इथे ठेवलं, तर तो गुलाम मुक्त होतो. चॅरिटी बटलर नावाच्या मेरीलँडमधल्या गुलाम स्त्रीनं या कायद्याच्या आधारानं स्वतःची आणि मुलांची सुटका मागितली. तिला वेळोवेळी पेनसिल्व्हेनियात आणलं गेलं होतं आणि सगळ्या खेपांचे दिवस मिळून सहा महिन्यांच्या वर भरत होते. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. युक्तिवाद झाला की सहा महिने सलग हवेत, तुकड्यातुकड्यांचे चालणार नाहीत. न्यायालयानं तो १८२१ मध्ये मान्य केला. चॅरिटी आणि तिची मुलं गुलामगिरीत परत गेली. मालकाचे वकील होते थॅडियस स्टीव्हन्स.

त्यानंतर गुलामाविरुद्ध त्यांनी वकिली केली नाही. १८२३ च्या स्वातंत्र्यदिनी मेजवानीत त्यांनी जाहीर इच्छा बोलून दाखवली की पुढचा राष्ट्राध्यक्ष असा असावा, ज्यानं कधी माणसाच्या पायात बेडी ठोकली नाही. चॅरिटीच्या खटल्यानंच त्यांना बदललं, असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये. पण पुढची ४५ वर्षं पाहिली की त्या निकालाचं ओझं त्यांनी उतरवलं नाही, असं मला वाटतं.

राजकारणात ते आले १८३३ मध्ये, राज्याच्या विधिमंडळातून. दोनच वर्षांत त्यांच्या आयुष्यातलं पहिलं मोठं भाषण झालं, आणि विषय होता शाळा. त्याआधी पेनसिल्व्हेनियात गरिबाच्या पोराला फुकट शिकायचं असेल तर आईबापांना सरकारदरबारी ‘आम्ही कंगाल आहोत’ अशी नोंद करावी लागे. १८३४ च्या कायद्यानं सगळ्यांसाठी करातून चालणाऱ्या शाळा आणल्या. कर म्हटल्यावर लोक चिडले. पुढच्याच वर्षी कायदा रद्द करायचा ठराव सिनेटनं मंजूर केला. खालच्या सभागृहातही तेच होणार असं सगळे धरून चालले होते. स्टीव्हन्स यांच्या स्वतःच्या मतदारांनाही हा कायदा नको होता. ११ एप्रिल १८३५ रोजी ते मतदारांच्या मर्जीविरुद्ध बोलायला उभे राहिले. ज्ञान ही गरिबाला घातलेली भीक आहे, असं कायद्यानं म्हणू नये, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा. भाषण संपलं आणि सभागृह फिरलं. कायदा वाचला. पीचमला शाळेपायी बिऱ्हाड हलवणाऱ्या आईचा मुलगा या विषयावर असा बोलला नसता तरच नवल.

१८३८ मध्ये पेनसिल्व्हेनियाची नवी राज्यघटना तयार झाली आणि तिच्यात मतदाराच्या व्याख्येत ‘गोरा’ हा शब्द घुसवला गेला. स्टीव्हन्स त्या घटनासमितीत होते. त्यांनी सही करायला नकार दिला.

लोखंडाच्या भट्टीच्या धंद्यात ते कर्जात बुडाले आणि १८४२ मध्ये लँकेस्टरला येऊन वकिलीवर ते फेडत बसले. इथे त्यांचं घर लिडिया हॅमिल्टन स्मिथ सांभाळू लागल्या. मिश्र वंशाच्या, दोन मुलांची आई. स्टीव्हन्स शेवटपर्यंत अविवाहित राहिले, त्यामुळे गावात कुजबुज व्हायची, विरोधी वर्तमानपत्रं त्यावर वाटेल ते छापायची. स्टीव्हन्स यांनी त्याची फिकीर केली नाही. कृष्णवर्णीय स्त्रीला गोरे लोक नुसत्या नावानं हाक मारत त्या काळात ते त्यांना ‘मिसेस स्मिथ’ म्हणत. पळून आलेल्या गुलामांना उत्तरेकडे पोहोचवणाऱ्या गुप्त साखळीतही लँकेस्टरचं हे बिऱ्हाड होतं.

सप्टेंबर १८५१ मध्ये लँकेस्टरजवळच्या ख्रिस्तियाना गावात पळालेले गुलाम धरायला मेरीलँडहून मालक आला. कृष्णवर्णीयांनी प्रतिकार केला, मालक मारला गेला. सरकारनं काही डझन लोकांवर थेट देशद्रोहाचा आरोप ठेवला. गुलामांना पकडायला मदत नाकारणं म्हणजे अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारणं, असा तो दावा. पहिला खटला चालला कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या गिरणीवाल्यावर, आणि बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होते. ज्यूरीनं पाव तासात त्याला निर्दोष सोडलं. मग बाकीच्यांवरचे देशद्रोहाचे आरोपही पुढे टिकले नाहीत.

संसदेत ते दोन टप्प्यांत होते: १८४९ ते १८५३, आणि १८५९ पासून मरेपर्यंत रिपब्लिकन म्हणून. युद्धाच्या काळात अर्थविषयक समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. सैन्याचा पगार, कर्जरोखे, पहिला प्राप्तिकर, ‘ग्रीनबॅक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कागदी नोटा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. जून १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईआधी काही दिवस दक्षिणेच्या सैन्यानं त्यांची कॅलेडोनियाची लोखंडभट्टी मुद्दाम जाळली. मालक कोण, हे त्यांना ठाऊक होतं. स्टीव्हन्स यांनी पत्रात लिहिलं ते तिथल्या मजुरांच्या कुटुंबांबद्दल, त्यांची सोय आपल्याला आधी करावी लागेल म्हणून.

एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. टेनेसीचे, गरिबीतून वर आलेले, बड्या मळेवाल्यांचा राग असलेले. ते दक्षिणेशी कठोर वागतील असं सगळ्यांना वाटलं होतं. घडलं उलटं. त्यांनी बंडखोरांना भराभर माफी दिली, जप्त जमिनी परत केल्या, राज्यांना जुन्याच लोकांच्या हाती सरकारं बनवू दिली. त्या सरकारांनी काय केलं? मिसिसिपीनं नोव्हेंबर १८६५ मध्ये कायदे केले. कृष्णवर्णीयांना शहराबाहेर जमीन भाड्यानं घेता येणार नाही. दर जानेवारीत कामावर असल्याचा लेखी पुरावा हवा. वर्षाचा करार मोडून गेल्यास मजुरी बुडाली. काम नसलेला ‘भटक्या’ ठरणार, त्यानं दंड न भरल्यास जो कुणी तो भरेल त्याच्याकडे राबायला जाणार. गुलामगिरी हा शब्द तेवढा काढला होता. जानेवारी १८६६ मध्ये जॉर्जियानं अलेक्झांडर स्टीफन्स यांना सिनेटवर निवडलं. हे बंडखोर सरकारचे उपराष्ट्राध्यक्ष.

आता हजेरीपटावरची ती गाळलेली नावं पुन्हा आठवा. दोन्ही सभागृहांची पंधरा जणांची संयुक्त समिती नेमली गेली, तिच्यात प्रतिनिधिगृहाचं नेतृत्व स्टीव्हन्स यांच्याकडे आलं. आणि त्या समितीतून बाहेर पडली चौदावी घटनादुरुस्ती.

तिचं पहिलं कलम आज जगभर माहीत आहे. अमेरिकेत जन्मलेला तो अमेरिकेचा नागरिक, आणि कोणतंही राज्य कुणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. शब्द मुख्यतः ओहायोचे जॉन बिंगहॅम यांचे. कृष्णवर्णीय माणूस नागरिक होऊच शकत नाही, असा जो निकाल ड्रेड स्कॉट खटल्यात १८५७ साली सर्वोच्च न्यायालयानं दिला होता, तो या कलमानं पुसला. तिसऱ्या कलमानं शपथ मोडून बंडात उतरलेल्यांना पदं बंद केली. चौथ्यानं बंडखोरांचं कर्ज बुडीत ठरवलं आणि सुटलेल्या गुलामांबद्दल मालकांना भरपाई मिळणार नाही हे पक्कं केलं.

दुसरं कलम फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. स्टीव्हन्स यांनी मे १८६६ मध्ये सभागृहात ते सगळ्यांत महत्त्वाचं असल्याचं सांगितलं होतं. त्यात आपलं सुरुवातीचं गणित आहे. राज्यानं जितक्या प्रौढ पुरुषांना मत नाकारलं, तितक्या प्रमाणात त्या राज्याच्या जागा कापायच्या. कृष्णवर्णीयांना मत द्या, नाहीतर त्यांच्या डोक्यांवर जागा मागू नका. याच कलमानं ‘पुरुष’ हा शब्द घटनेत पहिल्यांदा आणला, आणि गुलामगिरीविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेल्या एलिझाबेथ कॅडी स्टँटन, सुझन अँथनी या स्त्रिया दुखावल्या. त्यांचा संताप योग्य होता.

स्टीव्हन्स यांना ही दुरुस्ती अपुरी वाटत होती. मत सरळ हक्क म्हणून द्यायला त्यांच्याच पक्षातले बरेच जण कचरत होते. १३ जून १८६६ रोजी अंतिम मतदानाआधी त्यांनी सांगितलं की सगळ्या संस्था नव्यानं घडवायचं स्वप्न आपण तरुणपणापासून पाहिलं, ते विरलं. आता जुन्या इमारतीच्या सर्वांत वाईट भागांना ठिगळं लावण्यावर समाधान मानायचं. मग इतका अपुरा ठराव मी का स्वीकारतो? “कारण मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही.” अर्ध्या भाकरीला पूर्ण भाकरी न म्हणता ती पदरात घेणारे पुढारी फार थोडे. म्हणून मला हे वाक्य त्यांच्या सगळ्या जहरी टोमण्यांपेक्षा मोठं वाटतं.

एका बाबतीत त्यांना अर्धी भाकरीही मिळाली नाही. ती बाब म्हणजे जमीन. ६ सप्टेंबर १८६५ रोजी लँकेस्टरच्या भाषणात त्यांनी आकडेच मांडले होते. दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांची संख्या सुमारे ७० हजार. त्यांच्याकडची आणि बंडखोर राज्य सरकारांकडची मिळून जमीन ३९ कोटी ४० लाख एकर. ती जप्त करा. मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर दिले, तर दहा लाख लोकांना ४ कोटी एकर लागतील. उरलेली विका आणि युद्धाचं कर्ज फेडा. सूडाचा भाग यात होता, नाही असं नाही. पण मूळ विचार साधा होता. ज्याची चूल मालकाच्या जमिनीवर पेटते, तो मालकाविरुद्ध मत कसं देणार? ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ऐकून वाढलेल्या मराठी वाचकाला हे फोड करून सांगायची गरज नाही.

जनरल शर्मन यांच्या जानेवारी १८६५ च्या हुकमानं जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर हजारो कुटुंबांना जमिनी मिळाल्याही होत्या. लोकांनी पेरण्या केल्या. जॉन्सन यांनी त्या जमिनी जुन्या मालकांना परत देवविल्या. मार्च १८६७ मध्ये स्टीव्हन्स यांनी जमिनीचं विधेयक आणलं, ते पुढे सरकलंच नाही. उत्तरेतल्या गिरणीमालकांना आणि त्यांच्या वर्तमानपत्रांना धास्ती पडली की आज मळेवाल्याची मालमत्ता, उद्या आमची. मग मुक्त झालेली माणसं त्याच मळ्यांवर अर्धेलीनं कसू लागली. बी-बियाणं, कापड, पीठ उधारीवर, हिशेब मालकाच्या वहीत, आणि वर्षअखेर बाकी ठरलेली.

१८६७ मध्ये दक्षिणेची पाच लष्करी विभागांत वाटणी झाली आणि कृष्णवर्णीय पुरुषांनी पहिल्यांदा मोठ्या संख्येनं मतं दिली. जॉन्सन प्रत्येक पावलाला आडवे येत राहिले. २४ फेब्रुवारी १८६८ रोजी प्रतिनिधिगृहानं १२६ विरुद्ध ४७ मतांनी त्यांच्यावर महाभियोग ठेवला. निमित्त, संसदेच्या कायद्याला न जुमानता युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना काढल्याचं. स्टीव्हन्स तोवर इतके खंगले होते की दोन माणसं त्यांना खुर्चीसकट उचलून सभागृहात आणत. तुम्ही दोघे मेल्यावर मला कोण उचलणार, असं ते त्यांना विचारत. सिनेटमध्ये दोषी ठरवायला ३६ मतं हवी होती. पडली ३५.

११ ऑगस्ट १८६८ च्या मध्यरात्री वॉशिंग्टनमध्ये ते गेले. उशाशी लिडिया स्मिथ होत्या. पार्थिव संसदभवनाच्या घुमटाखाली ठेवलं गेलं, कृष्णवर्णीय सैनिकांच्या पहाऱ्यात. त्याआधी हा मान हेन्री क्ले आणि लिंकन या दोघांनाच मिळाला होता. लँकेस्टरच्या मोठ्या दफनभूमी गोऱ्यांपुरत्या होत्या, म्हणून त्यांनी एक लहानशी, सर्वांना खुली जागा आधीच निवडली होती. दगडावर त्यांनीच लिहून ठेवलेला मजकूर आहे. एकांताची आवड म्हणून मी इथे नाही, इतर दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट आढळली म्हणून आहे. आयुष्यभर जे तत्त्व मांडलं, निर्मात्यापुढे माणसाची समानता, ते मरणातही दाखवता यावं.

पाच वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. स्टीव्हन्स यांचं नाव तिथे नाही, पण ते ज्या पिढीचे, तिलाच तो नमस्कार आहे. आणि आपल्या संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदात ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे जे शब्द आहेत, ते अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीतूनच आलेले. दोन्हीकडे आकडा चौदा, हा योगायोग.

त्या पहिल्या कलमाचं पुढे बरंवाईट खूप झालं. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेत गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना वेगळे डबे चालतात म्हटलं, १९५४ मध्ये वेगळ्या शाळा चालत नाहीत म्हटलं. दोन्ही वेळा वाद याच शब्दांवर होता. दुसऱ्या कलमाच्या नशिबी तेवढंही आलं नाही. १८७७ मध्ये केंद्रानं दक्षिणेतून पाठिंब्याचं सैन्य काढून घेतलं. १८९० मध्ये मिसिसिपीनं नवी राज्यघटना करून मतासाठी कर आणि वाचनाची परीक्षा लावली, बाकीची राज्यं तिच्यामागून गेली. १९६५ चा मतदान हक्क कायदा येईपर्यंत मिसिसिपीत कृष्णवर्णीय प्रौढांपैकी जेमतेम सात टक्के मतदारयादीत होते. त्या सगळ्या वर्षांत संसदेतल्या जागा ठरवताना मात्र त्यांचं एकेक डोकं पूर्ण मोजलं जात होतं. दुसऱ्या कलमाप्रमाणे एकाही राज्याची एकही जागा कधी कापली गेली नाही.